शोधनिबंध नेटवर आहेत, पण एकमेकांना जोडलेले नाहीत

संपादक महोदय,

कोयना परिसरातल्या भूकंपांवर काम करणाऱ्या पाटण-कराडकडच्या विद्यार्थ्याला संदर्भांसाठी किती दारे ठोठवावी लागतात ते पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपावरचे आणि नंतरच्या धक्क्यांवरचे इंग्रजी शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नलांत आहेत. त्यांतले बरेचसे एन-लिस्ट (कॉलेजांना ई-जर्नले पुरवणारा उपक्रम) किंवा ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (केंद्राची सामाईक जर्नल-खरेदी योजना) यांच्या लॉगिनमधून उघडतात. पीएचडीचे प्रबंध इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर आहेत. कॉलेजांनी भरवलेल्या परिसंवादांचे निबंध त्या त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर कुठेतरी, बहुतेक वेळा एकाच जाडजूड पीडीएफमध्ये आहेत. मराठीतले जुने लेख छापील मासिकांत, आणि त्यांची नोंद असलीच तर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये. गुगल स्कॉलर यांतले काही दाखवते, काही दाखवत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, वेगळा शोधचौकोन, आणि एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी काय आहे याचा पत्ता लागू देत नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये आणि तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नले, असा तिचा आवाका आहे. योजना चांगली आहे आणि आम्ही ग्रंथपाल तिचे स्वागतच करतो. (ती सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आखलेली आहे, आपली संस्था यादीत आहे का, हे प्रत्येक प्राचार्यांनी स्वतः तपासून घ्यावे.) पण तिने खरेदीचा प्रश्न सुटतो, जोडणीचा सुटत नाही. सातारा-सांगलीच्या मातीवर, पाण्यावर, पिकांवर, इतिहासावर आपल्याच विद्यार्थ्यांनी केलेले काम त्या तेरा हजार जर्नलांत फारसे सापडणार नाही. ते आपल्याच कॉलेजांच्या कपाटांत आणि सर्व्हरवर आहे. ते बाकीच्या जगाशी जोडण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. त्याला लागणारी बहुतेक साधने फुकट आहेत, आणि अडचणी कुठे येतात हेही आता नीट माहीत झाले आहे. म्हणून हे पत्र.

‘जोडणी’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे एक मोठा शोधचौकोन येतो: त्यात शब्द टाकला की यंत्रणा त्याच क्षणी दहा डेटाबेसना विचारून उत्तर आणते. विक्रेतेही हेच दाखवतात. प्रत्यक्षात अशी एकत्रित शोधयंत्रणा सर्वांत मंद डेटाबेसच्या गतीने चालते. एखादा सर्व्हर बंद असला की त्याचे निकाल गुपचूप गळतात. एकच लेख तीन ठिकाणांहून तीनदा येतो, आणि कोणता निकाल वर दाखवायचा हे ठरवायला काही आधार उरत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या भागातल्या कॉलेजांनी यावर पैसे घालू नयेत. दुसरा मार्ग जुना आणि पक्का आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या नोंदी, म्हणजे शीर्षक, लेखक, वर्ष, सारांश आणि पत्ता, ठरलेल्या पद्धतीने खुल्या ठेवायच्या. मध्यवर्ती यंत्रणेने त्या रात्रीतून गोळा करून ठेवायच्या. आणि वाचकाने त्या तयार साठ्यात शोधायचे. मूळ पीडीएफ जिथे आहे तिथेच राहते, फिरतात त्या फक्त नोंदी.

या पद्धतीचे नाव ओएआय-पीएमएच. तिची सध्याची दुसरी आवृत्ती २००२ पासून बदललेली नाही, हाच तिचा मोठा गुण. तिच्यात विचारता येणारे प्रश्न फक्त सहा आहेत: तू कोण, तुझ्याकडे नोंदींचे कोणते नमुने आहेत, कोणते संच आहेत, नोंदींचे क्रमांक दे, नोंदी दे, ही एक नोंद दे. किमान नमुना डब्लिन कोअरचा, पंधरा रकान्यांचा. रेपॉझिटरी, म्हणजे संस्थेच्या प्रबंध-लेखांचा ऑनलाइन साठा, चालवणारी डीस्पेस व ईप्रिंट्स आणि ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारे कोहा ही सगळी सॉफ्टवेअरे ही भाषा बोलतात. मग अडते कुठे?

पहिली अडचण अशी की सोय असते, पण ती चालू केलेली नसते. कोहामध्ये ओएआयची सेटिंग मुळात बंद असते. ग्रंथपालाने सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. डीस्पेसमध्ये ती चालू असते, पण नव्या नोंदी ओएआयच्या साठ्यात आपोआप जातातच असे नाही. त्यासाठी ‘ओएआय इम्पोर्ट’ ही आज्ञा रोज रात्री चालेल अशी क्रॉनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आपोआप चालणाऱ्या वेळापत्रकात, लावावी लागते. बसवून देणारा माणूस ती लावायला विसरला, तर बाहेरच्या जगाला रेपॉझिटरी पहिल्या दिवशी होती तशीच दिसत राहते. आत शंभर प्रबंध चढलेले असतात आणि बाहेर जुने बाराच. दुसरी अडचण पत्त्याची. डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीपासून ओएआयच्या पत्त्यात आधी ‘सर्व्हर’ हा तुकडा येतो. आवृत्ती बदलली आणि गोळा करणाऱ्यांना कळवले नाही, तर ते जुन्याच पत्त्यावर विचारत बसतात आणि काही दिवसांनी आपले नाव यादीतून उतरते. तिसरी अडचण फायरवॉलची. कॉलेजच्या नेटवर्कवरून सगळे उघडते म्हणून सगळे समाधानी असतात; बाहेरून मात्र पोर्टच बंद असतो. तपासणी सोपी आहे. कॉलेजचे वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर ओएआयचा पत्ता टाका, पुढे ‘?verb=Identify’ हे जोडा. उत्तरात संस्थेचे नाव आणि चालू ईमेल आला पाहिजे. मग नोंदींची यादी मागा. डीस्पेस एका वेळी शंभर नोंदी देऊन पुढच्या पानासाठी एक टोकन देते. ते टोकन वापरून दुसरे पान उघडते का, हे जरूर पाहा. पुष्कळ ठिकाणी पहिले शतक नीट मिळते आणि दुसऱ्या पानाला यंत्रणा कोसळते, कारण मध्ये एखाद्या नोंदीत वर्डमधून चिकटवलेले अदृश्य नियंत्रक चिन्ह असते आणि तेवढ्याने सगळी एक्सएमएल फाइल अवैध ठरते. ती नोंद शोधून सारांश साध्या मजकुराच्या रूपात पुन्हा चिकटवला की गाडी पुढे जाते.

आता कायमच्या ओळखक्रमांकांबद्दल. सगळ्या जोडणीचा पाया तोच आहे आणि तिथेच सर्वांत जास्त हयगय होते. सातबाऱ्यावर मालकाचे नाव बदलले तरी गट नंबर टिकतो, तसा शोधनिबंधाला डीओआय आणि रेपॉझिटरीतल्या नोंदीला हँडल असतो. संकेतस्थळ हलले की मालकाने एकाच जागी नवा पत्ता नोंदवायचा. जगभर छापले गेलेले क्रमांक तसेच चालू राहतात. शोधगंगेच्या प्रत्येक प्रबंधाला १०६०३ ने सुरू होणारे हँडल आहे. तरीही संदर्भसूचीत विद्यार्थी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता उचलतात, त्यात कधी पोर्टचा क्रमांक असतो, कधी सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचे नाव. सर्व्हर बदलला की तो पत्ता मेला. मार्गदर्शकांना विनंती आहे की प्रबंध तपासताना हँडलच मागावे.

आपल्या कॉलेजांच्या रेपॉझिटरींचे दुखणे याहून मोठे आहे. डीस्पेस बसवले की त्यात हँडलच्या जागी १२३४५६७८९ असा नमुन्याचा क्रमांक भरलेला असतो. तो फक्त चाचणीपुरता असतो. हँडलच्या जागतिक यंत्रणेत तो कोणाच्याच नावावर नाही. स्वतःचा क्रमांक घ्यायला नोंदणीचे पन्नास डॉलर आणि पुढे दरवर्षी पन्नास डॉलर लागतात. हा खर्च कोणी सुचवत नाही, म्हणून तो नमुन्याचा क्रमांक वर्षानुवर्षे तसाच राहतो. परिणाम असा की दहा कॉलेजांच्या दहा वेगळ्या प्रबंधांना एकच क्रमांक पडतो, आणि हँडलवरून ओळख ठरवणारी यंत्रणा ते एकच समजून एकावर एक लिहू शकते. आपल्या रेपॉझिटरीतली कोणतीही नोंद उघडा. पत्त्यात १२३४५६७८९ दिसले तर नवीन नोंदी चढवणे थांबवा आणि आधी हे दुरुस्त करा. क्रमांक बदलायची आज्ञा डीस्पेसमध्येच आहे. ती चालवण्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा आणि नंतर शोधसूची नव्याने बांधा. नोंदी जितक्या कमी, तितके हे काम हलके.

कॉलेजांच्या आणि संस्थांच्या स्वतःच्या जर्नलांना डीओआय हवा असेल तर क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेचे सभासद व्हावे लागते. लहान प्रकाशकाला वर्षाला दोनशे-तीनशे डॉलरच्या घरात वर्गणी आणि प्रत्येक नव्या लेखामागे एक डॉलर, असा साधारण हिशोब आहे. एकेका कॉलेजाने हे करण्यात अर्थ नाही. शिक्षण संस्थेने किंवा विद्यापीठाने एकदा सभासद होऊन सगळ्या घटक जर्नलांना त्यात घ्यावे. मात्र सभासदत्व म्हणजे नुसता क्रमांक नव्हे. लेखाच्या संदर्भसूचीतले डीओआय दुव्यांसकट देणे हे सभासदाचे कर्तव्य आहे, आणि जोडणी खरी तिथेच होते. ज्यांना सभासद व्हायचे नाही त्यांनाही क्रॉसरेफच्या संकेतस्थळावर संदर्भसूची चिकटवून प्रत्येक संदर्भाचा डीओआय फुकट शोधता येतो. पीएचडीच्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर करण्याआधी एवढे करायलाच हवे. सापडलेला डीओआय उघडून शीर्षक जुळते का ते पाहावे, कारण पुस्तकाच्या जागी त्याच पुस्तकाच्या परीक्षणाचा डीओआय मिळणे ही नेहमीची चूक आहे. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणाप्रकरणाने वेगळ्या पीडीएफमध्ये असतो आणि संदर्भसूची बहुधा स्वतंत्र फाइलमध्ये. तिच्यात दुवे असतील तर पुढचा वाचक एका टिचकीत मूळ लेखापाशी पोचतो. नसतील तर त्याला प्रत्येक ओळ पुन्हा टंकावी लागते.

व्यक्तीसाठी ऑर्किड आहे. तो सोळा अंकी, फुकट, पाच मिनिटांत मिळणारा. आपल्याकडे आडनावे आणि आद्याक्षरे इतकी सारखी आहेत की ‘पाटील एस. बी.’ या नावाखाली भूगर्भशास्त्र, मराठी आणि वाणिज्य एकत्र येऊन बसतात. संस्थांसाठी आरओआर नावाचा क्रमांक २०१९ पासून आहे आणि आपल्या दोन जिल्ह्यांना त्याची गरज विशेष आहे. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ चे. मुंबई, मग पुणे आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ, असा या भागातल्या जुन्या कॉलेजांचा संलग्नतेचा प्रवास आहे. साताऱ्यात अलीकडे रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. म्हणजे एकाच इमारतीत झालेले काम वेगवेगळ्या विद्यापीठांच्या नावांखाली विखुरलेले असणार. नोंदीत विद्यापीठाबरोबर कॉलेजचा क्रमांकही भरला, तरच ते पुन्हा एकत्र दिसेल.

यानंतर देवनागरीचा प्रश्न. याकडे बाहेरचा कोणी लक्ष देणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मराठीतल्या समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या आणि शेतीविषयक प्रबंधांच्या शीर्षकांत ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द वारंवार येतो. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे ‘य’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका कळफलकावर टंकलेल्या शब्दाने दुसऱ्या पद्धतीने नोंदवलेले शीर्षक सापडतच नाही. शून्य निकाल येतो आणि विद्यार्थी म्हणतो की या विषयावर काम झालेलेच नाही. भर म्हणून काही सॉफ्टवेअरे मजकूर ‘स्वच्छ’ करताना ते अदृश्य चिन्ह काढून टाकतात. मग ‘शेतकर्यांच्या’ असे रफारासकट तिसरेच रूप तयार होते. दऱ्या, वाऱ्या, पुढाऱ्यांचे, साताऱ्याचा या साऱ्यांची हीच गत. ‘साताऱ्याचा इतिहास’ शोधणाऱ्याला साताऱ्याच्याच कॉलेजचा प्रबंध सापडू नये, याचे कारण बहुधा हे असते.

अशीच आणखी दोन ठिकाणे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध टंकता येते, आणि ‘अ’ला जोडचिन्ह देऊन वर चंद्र काढूनही. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन टंकलेला असतो. हे सगळे माणसाने एकेक करून निस्तरण्याची गरज नाही. डीस्पेसच्या आणि गोळा केलेल्या नोंदींत शोधू देणाऱ्या व्ह्यूफाइंडच्या पोटात सोलर हे शोधयंत्र आहे. त्यात कोणते अक्षर कोणत्या अक्षरासारखे मानायचे याची छोटी फाइल देता येते. ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हे ‘ऱ, हलन्त’ समजावे. उरलेली जोडचिन्हे दुर्लक्षावी. दोन्ही ‘ॲ’ एक धरावेत. दोन देवनागरी अक्षरांच्या मधला कोलन विसर्ग मानावा. एवढ्या मोजक्या ओळींत काम होते. ही फाइल नोंदी शोधसूचीत घेतानाही लागू हवी आणि शोधतानाही, नाहीतर एक बाजू सुधारते आणि दुसरी तशीच राहते. फाइल घातल्यावर संपूर्ण सूची पुन्हा बांधावी लागते. हा टप्पा चुकवून ‘काही फरक पडला नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

याहून कठीण गोष्ट जुन्या फॉन्टांची. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेल्या प्रबंधाची पीडीएफ वाचायला स्वच्छ असते. पण तिच्यातला शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा येतो, आणि शोधयंत्राला दिसतो तो हा गोळाच. कोणतीही मराठी पीडीएफ चढवण्याआधी एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. गोळा आला तर वर्डची मूळ फाइल फॉन्टपरिवर्तकातून युनिकोडमध्ये न्यावी. मूळ फाइल नसेल तर पानांच्या प्रतिमा करून त्यांवर ओसीआर (प्रतिमेतली अक्षरे ओळखून मजकूर करणारे सॉफ्टवेअर) चालवावे. टेसरॅक्ट या फुकट ओसीआरमध्ये मराठी आहे. त्यासाठी स्कॅनिंग ३०० डीपीआयला, सरळ आणि कडेची काळी पट्टी कापून हवे. १५० डीपीआयला काना-मात्रा आणि अनुस्वार गळतात. पूर्ण शुद्ध मजकुराची अपेक्षा धरू नये, शोधापुरता तो पुरतो. शीर्षक, लेखक, सारांश आणि विषयशब्द मात्र माणसानेच तपासून भरावेत, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे.

गावांच्या आणि पिकांच्या नावांचेही तसेच. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आले आणि त्यावरचे काम वाढले. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग कुठे एका ‘ए’ने, कुठे दोन ‘ए’ने. मराठी नोंद वेगळीच. विकिडेटा या विकिपीडियाशी निगडित खुल्या माहितीसाठ्यात परिचित स्थळांना आणि वनस्पतींना एकेक क्रमांक असतो आणि त्याखाली अनेक भाषांतली नावे असतात. विषयाच्या रकान्यात नावाबरोबर तो क्रमांक भरला की तिन्ही प्रकारे शोधणारे एकाच जागी येतात. शेतीसाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोव्होक हा शब्दसंग्रह त्याच तत्त्वावर आहे. कसबे डिग्रजचे हळद संशोधन आणि पाडेगावचे ऊस संशोधन ही दोन्ही केंद्रे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या त्यांच्या सामाईक रेपॉझिटरीवर जातात, शोधगंगेवर शोधणाऱ्याला ते बहुधा भेटत नाहीत. हळदीच्या कंदकुजीवर सांगलीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने काम करावे आणि कृषिकोशावर त्याच रोगावरचा प्रबंध आहे हे त्याला शेवटपर्यंत कळू नये, असे पुन्हा होऊ द्यायचे नसेल तर दोन्हींच्या नोंदी एका साठ्यात याव्या लागतील.

विकत घेतलेल्या जर्नलांकडे नेणारी जोडणी वेगळी. तिला ओपन यूआरएल म्हणतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हॅन द सोम्पेल यांनी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी ती कल्पना मांडली. संदर्भाचा तपशील दुव्यातच बांधून ग्रंथालयाच्या यंत्रणेकडे पाठवायचा, आणि आपल्या वाचकाला ज्या प्रतीचा हक्क आहे तिथे यंत्रणेने त्याला न्यायचे. दुवा चुकतो तो बहुतेक वेळा आपल्याकडची जर्नलांची यादी जुनी असते म्हणून. कोणते जर्नल कोणत्या वर्षापासून मिळते, ताजे अंक किती महिने बंद आहेत, छापील आणि ऑनलाइन आयएसएसएन (जर्नलाचा ओळखक्रमांक) वेगळे आहेत का, हे त्या यादीत अचूक लागते. लहान कॉलेजांना अशी यंत्रणा विकत घेणे परवडणार नाही आणि आमच्या मते तिची घाईही नाही. तोवर विद्यार्थ्यांना डीओआयवरून शोधायला शिकवा आणि ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवून द्या. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे ठेवलेली असेल तर ते दाखवते. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधल्या मार्क (नोंदींचा प्रमाणित साचा) नोंदीच्या ८५६ या रकान्यात ई-प्रतीचा दुवा भरायलाही काहीच खर्च नाही.

गुगल स्कॉलरचे नियम पाळणेही आपल्याच हातात आहे. एक लेख म्हणजे एक पीडीएफ, आकार ५ एमबीच्या आत, आणि लेखाच्या पानावर सारांश लॉगिनशिवाय दिसणारा. परिसंवादाची तीनशे पानांची एकत्र पीडीएफ चढवली तर आतले चाळीस निबंध शोधणाऱ्यासाठी नसल्यासारखेच. फोडून चढवायला एक-दोन दिवस पुरतात.

खर्चाचे म्हणाल तर प्रत्येक कॉलेजाने स्वतंत्र सर्व्हर घेणे ही आमच्या मते सर्वांत महाग चूक आहे. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) समिती येण्याआधी रेपॉझिटरी उभी राहते, डोमेन बाहेरच्या ठेकेदाराच्या नावावर असते, वार्षिक करार संपतो आणि संकेतस्थळ गायब होते. जिल्ह्याला एकच सामाईक डीस्पेस असावे. त्यात प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र विभाग, नोंदी भरायचा अधिकार त्या त्या ग्रंथपालाला, डोमेन विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या नावावर. १६ जीबी मेमरीचा एक सर्व्हर त्याला पुरतो. एका प्रबंधाला सरासरी ५० एमबी धरले तरी दोन हजार प्रबंध १०० जीबीत मावतात. रोजची प्रत दुसऱ्या शहरात जायला हवी. सांगलीकरांना हे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी सगळ्यांनी पाहिले आहे, आणि तळमजल्यावरच्या खोलीतला सर्व्हर व त्याच्याच शेजारचा बॅकअप एकदमच बुडतात. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे. जुनी नोंद तपासून दुरुस्त करायला दहा मिनिटे धरली तर हजार नोंदींना सुमारे १६७ तास लागतात, म्हणजे एका माणसाचा जवळपास महिनाभर. हे काम ग्रंथपालाच्या उरलेल्या वेळात होणार नाही. त्याला वेळ आणि मदतनीस मंजूर करावा लागेल.

‘सगळे खुले केले तर चोरी होईल,’ ही प्राध्यापकांची शंका आम्ही गंभीरपणे घेतो. नोंद खुली आणि पूर्ण मजकूर बंद, असे ठेवता येते. पेटंट किंवा पुस्तक व्हायचे असेल तर डीस्पेसमध्ये तारीख घालून मजकूर तोवर रोखता येतो. तेवढ्यासाठी नोंदच लपवू नये. ज्याची नोंद तारखेसह जगाला दिसते, त्याचे काम उचलले तर पकडणेही सोपे जाते.

शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाने व्ह्यूफाइंडसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर गोळा करणारी मध्यवर्ती यंत्रणा चालवावी आणि देवनागरीच्या त्या नियमांची फाइल सर्वांना खुली करून द्यावी, अशी आमची मागणी आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाच्या नोंदींखालच्या संदर्भांनाही पुढे याच साठ्याशी जोडता येईल. सातारा आणि सांगलीतल्या शिक्षण संस्थांनी येत्या जूनच्या आत तीन गोष्टींचे लेखी उत्तर आपल्या ग्रंथपालांकडून मागवावे: आपल्या रेपॉझिटरीचा हँडल क्रमांक कोणता, ओएआयचा पत्ता कॉलेजबाहेरून उघडतो का, आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे.

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही महाविद्यालयीन ग्रंथपाल